ठिणगी राहिली होती

सरूबाईंच्या पोस्टकार्डाला मी उत्तर दिलं नाही.

चाळीसहून जास्त वर्षं झाली. कार्ड अजून माझ्याकडे आहे. त्यात एकच प्रश्न होता. पण तो सांगण्याआधी ती संध्याकाळ सांगावी लागेल.

पटलं नाही तर सोडून द्या. मलाही कितीदा पटलेलं नाही. वाटतं, आपल्यालाच भास झाला असेल.

पण त्या जीपमध्ये मी होतो.

साल १९७६. जानेवारीतली संध्याकाळ. गाव शिरूर. मी तिथे हायस्कुलात शिक्षक होतो. चार माणसांत बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडायचा, म्हणून पुस्तकांत डोकं खुपसून बसणारा.

माझी मुलगी सुजाता चार वर्षांची होती. तिला घटसर्प झाला. घशात पांढरा पापुद्रा धरला होता. श्वास घेताना बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. शिरूरमधलं इंजेक्शन संपलं होतं. दौंडला एका डॉक्टरांकडे होतं.

सोसायटीची जीप मिळाली. पण तिची बॅटरी चार्ज होत नव्हती. ड्रायव्हर मच्छिंद्र म्हणाला, "कटआउट गेलाय. असं निघालो तर वाटंतच बसू."

कटआउट म्हणजे बॉनेटखालची काळी डबी. डायनॅमोची वीज बॅटरीत जाऊ द्यायची की तोडायची, ते ही डबी ठरवते. ती बिघडली की दिवे मंदावतात. मग इंजिनच बंद पडतं.

आम्ही कोंडिबा मिस्त्रीच्या गॅरेजवर गेलो. त्यानं दुसऱ्या गाडीची चांगली डबी काढली आणि आमच्या जीपला बसवू लागला.

"आरं, लगीन लावतोयस व्हय डबीचं?" मच्छिंद्र ओरडला. "आवर की!"

"तू मंगलाष्टका म्हण तवर," कोंडिबा मान वर न करता म्हणाला.

त्याची एक पद्धत होती. डबी बदलली की तो वायरीचं टोक क्षणभर टेकवून ठिणगी पाडायचा. त्याशिवाय डायनॅमोला दिशा कळत न्हाई, म्हणायचा. मग बॉनेट लावून त्यावर पान्यानं दोनदा ठोकायचा.

टक. टक.

ते ऐकल्याशिवाय शिरूरचा कुणी ड्रायव्हर त्याच्या दारातून गाडी हलवत नसे.

कोंडिबा शेवटचा स्क्रू पिळत होता. आणि सुजाताची शिट्टी...

थांबली.

माझी बायको कुशा किंचाळली. कोंडिबानं बॉनेट आपटलं आणि मागे धावत आला. पोरीला उचलून पालथं धरलं, पाठीवर थापटलं.

शिट्टी पुन्हा सुरू झाली.

"पळ, मच्छिंद्रा!" तोच ओरडला.

जीप सुटली. टक-टक झालीच नाही. तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

गाव मागे पडलं. अंधार झाला. डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा विझेना. बॅटरी चार्ज होत नसली की तो पेटलेला राहतो.

"दुसरी डबी बसवली ना?" मी विचारलं.

मच्छिंद्रनं गाडी आणखी दामटली.

बॉनेटखालून किरकिर येत होती... आतून कुणी नखं घासावीत तशी. हेडलाइट पिवळे झाले. मग तांबूस.

न्हावरे ओलांडलं आणि इंजिन बंद पडलं.

मच्छिंद्रनं उतरून इंजिन फिरवायचं हँडल मारलं. पुन्हा मारलं. त्याच्या तळहाताची साल निघाली. काही नाही. रस्त्यावर ना ट्रक, ना बैलगाडी.

"अवं, कायतरी करा की!" कुशा रडत होती.

मी काय करणार? मला फक्त वाचता येत होतं. मी रस्त्यावर पळत सुटलो. उगाचच. "कुणी आहे का?" म्हणून ओरडलो. माझा आवाज मलाच धड ऐकू आला नाही. मच्छिंद्रनं मागून येऊन माझा दंड धरला.

"मास्तर, पोरीजवळ चला."

शेतातले किडे अचानक गप्प झाले.

आणि जीपचं बॉनेट उघडल्याचा आवाज आला...

मच्छिंद्र तर माझ्याजवळ उभा होता.

आम्ही वळलो. बॉनेटखाली एक निळी ठिणगी उडाली. तिच्या उजेडात कोंडिबाचा चेहरा दिसला.

"ठिणगी राहिली व्हती," तो म्हणाला.

"आरं, तू?" मच्छिंद्र धावला. "कसा आलास? सायकल कुठं हाय?"

"मागं पडलीय."

"चल, बस गाडीत."

"न्हाई. तुमी व्हा पुढं." मग माझ्याकडे वळून, हलक्या आवाजात, "जयभीम, मास्तर. पोरीला निजू देऊ नगा."

बॉनेट लागलं.

टक. टक.

मच्छिंद्रनं एकदाच हँडल मारलं. इंजिन धरलं. तांबडा दिवा विझला. हेडलाइट लख्ख पेटले.

समोर रस्ता मोकळा होता. मागे पाहिलं... मागेही.

दौंडला इंजेक्शन मिळालं. दुसऱ्या दिवशी सुजातानं पाणी मागितलं.

परत आलो, तर कोंडिबाचं गॅरेज बंद. दवाखान्याच्या कंपाउंडरनं सांगितलं, "तुमची जीप गेली आन् पाठोपाठ त्यालाच आणला. नाक्याच्या पुढं ट्रकनं उडवला. सायकलचा चुराडा. तुमी न्हावऱ्यालाबी पोचला नसाल, तवाच गेला."

"तो कुठे निघाला होता?"

"तुमच्याच मागं. बायकोला, सरूबाईला म्हणला, ठिणगी राहिली, पोरीची गाडी बंद पडंल."

त्या रात्रीबद्दल मच्छिंद्र पुढे कधीच बोलला नाही. फक्त गाडी काढण्याआधी जरासा थांबायचा. कान देऊन.

मग सरूबाई पाबळला भावाकडे गेल्या आणि तिथून त्यांचं कार्ड आलं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं.

'मास्तर, ते तुमच्यापर्यंत पोचले का?'

बाई दुःखानं भ्रमली, असं लोक म्हणाले.

मी वर्गात मुलांना सांगायचो, भूत नसतं. आजही तेच सांगेन. 'नाही' लिहिलं तर खोटं. 'हो' लिहिलं तर... मी पाहिलं ते खरं, हे मी कुणाच्या भरवशावर म्हणू? लिहायचो, फाडायचो.

सरूबाई अजून पाबळलाच असतात. परवा तिकडून आलेला एकजण म्हणाला, "म्हातारीला धड दिसत न्हाई. पण पोस्टमन आला की इचारती, मास्तरांचं आलं का?"

काल मी कार्ड लिहिलं.

'पोचले. काम पुरं करून गेले. मुलगी सुखरूप आहे.'

सुजाताच मला पोस्टापर्यंत घेऊन आली. मी कार्ड लाल डब्यात सोडलं. पातळसं कार्ड ते, पडल्याचा कितीसा आवाज येणार...

आलाच नाही.

मी तसाच उभा राहिलो.

मग डब्याच्या पत्र्यावर, आतून...

टक. टक.

"बाबा, तुम्ही वाजवलंत?" सुजातानं विचारलं.

माझे दोन्ही हात काठीवर होते.

"चल," मी म्हणालो. "आता निघायला हरकत नाही."