हा प्रश्न कसा सुचला?

मार्वेहून मनोरीला जाणाऱ्या फेरीबोटीत श्रुतिका तावडे मांडीवर वही घेऊन बसली होती, आणि तिच्या खांद्यावरून कोणीतरी चक्क वाचत होतं. ‘मनोरी खाडीवर प्रदूषणाचा परिणाम’ असं लिहून तिने खाली दोन रेघा ओढल्या होत्या. त्याखाली पान कोरं.

“हा प्रश्न नाही,” मागून आवाज आला. “हे भाषण आहे.”

ती फणकाऱ्याने वळली. वाऱ्याने कपाळावर आलेले केस, आणि डोळ्यांत हसू... तेही लपवायची तसदी न घेतलेलं. एमएस्सीच्या प्रबंधाचा विषय आठवड्याभरात द्यायचा होता. दहिसरहून धडपडत ती इथवर आली होती, आणि हा कोण उपटसुंभ?

तो सुशांत कोळी, मनोरीचाच. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला वडिलांचे गुडघे गेले, तेव्हा कॉलेज सुटलं आणि होडी हातात आली. धक्क्याला लागेपर्यंत त्याने तिला विचारून घेतलं, खाडी म्हणजे कुठली बाजू, परिणाम कोणावर, मोजणार काय. तिला एकाचंही उत्तर देता आलं नाही. आणि गंमत म्हणजे, रागही टिकला नाही.

त्या दुपारी त्याने तिला निवट्या दाखवल्या, ओल्या चिखलावर टुणटुण उड्या मारणारे बोटभर मासे. नाल्याच्या तोंडाशी पाणी काळं, तरी तिथे बिळंच बिळं. पलीकडे भराव टाकलेला, तिथे पाणी बरं, पण निवटी औषधालाही नाही.

“सगळे म्हणतात पाण्याने गेल्या,” तो म्हणाला. “मला वाटतं चिखल कडक झालाय. बीळ खणणार कुठे?”

श्रुतिकाच्या अंगावर काटा आला. तिने तिथेच उकिडवं बसून लिहिलं, चिखल जितका मऊ, तितकी बिळं जास्त. मग तिने त्याला समजावलं, गृहीतक असं मांडायचं की ते खोटंही ठरू शकेल. नाहीतर ते नुसतं मत.

“म्हणजे... तू पुढच्या ओहोटीला येशील, हे माझं गृहीतक?”

“हं. खोटं ठरू शकतं.”

“बघू ना मग.”

ती आली. हिवाळाभर येत राहिली. पाइपचा मीटरभर चौकोन चिखलावर टाकायचा, आतली बिळं मोजायची, खुणा केलेली काठी सारख्याच वजनाने दाबून ती किती आत जाते ते बघायचं. तो आकडे सांगायचा, ती लिहायची. हळूहळू दोन आकड्यांच्या मधली शांतता लांबत गेली... एकदा तिच्या गालावरचा चिखल पुसायला त्याने हात पुढे केला, आणि आपलाच हात बरबटलाय हे दिसून मागे घेतला. तिने तो मनगटाला धरला आणि स्वतःच गालाला लावला. त्या दिवशी पुढचे तीन चौकोन राहूनच गेले.

घरी आईने विचारलं, मनोरीला कोणाबरोबर जातेस? ती म्हणाली, मैत्रिणींबरोबर.

आकडे सुशांतच्या बाजूने आले. बोरिवलीच्या कॉलेजात सादरीकरण ठरलं, तेव्हा तिने त्याला आग्रहाने बोलावलं. पण आदल्या दिवशी तिचे मार्गदर्शक पेडणेकर सर बजावून गेले होते. पीएचडीची जागा एकच आहे. अमक्याने सांगितलं, तमक्याने दाखवलं असलं बोलू नकोस, संदर्भ दे.

सादरीकरण झकास झालं. परीक्षक बाईंनी चष्मा काढून विचारलं, “हा प्रश्न कसा सुचला?”

शेवटच्या रांगेत, इस्त्रीच्या निळ्या शर्टात सुशांत बसला होता. तो किंचित पुढे सरकला.

“वाचनातून,” श्रुतिका म्हणाली.

तो फाटकापाशी थांबला होता. त्याने तिचं अभिनंदन केलं, मनापासून. ती रडायला लागली, आत्ताच्या आत्ता आत जाऊन खरं सांगते म्हणाली.

“तू घाबरलीस, ते कळलं मला,” तो म्हणाला. “पण उद्या तुझ्या घरी कोणी विचारलं ना, हा कोण... तर तिथेही तू असंच काहीतरी सांगशील. तेही कळलं.”

तो रिक्षा न करता चालत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तिने सरांना सगळं सांगितलं. सर म्हणाले, आभाराचं पान असतं कशाला? ती भांडली. प्रस्तावनेत, पहिल्याच परिच्छेदात, हा प्रश्न सुशांत कोळी यांचा, असं तिने लिहिलंच. आईलाही सांगितलं, आई दोन दिवस बोलली नाही. रिकाम्या हाताने त्याच्यासमोर जायचं नाही, प्रबंध बांधून आला की न्यायचा, असं तिने ठरवलं होतं. त्यात अडीच महिने गेले. पीएचडीची जागा मात्र तिलाच मिळाली.

सुशांतने होडीत उभ्यानेच ते पान वाचलं. दोनदा. नाव बरोबर छापलंय म्हणाला, आणि प्रबंध परत तिच्या हातात दिला.

“अजून रागावलायस?” तिने विचारलं.

“राग गेला गं. तोच वांधा झालाय,” तो म्हणाला. “राग होता ना, तोवर तुझी वाट बघत होतो.”

त्याने दोर सोडला आणि होडी खोल पाण्याकडे लोटली. इंजिनाचा आवाज खाडीच्या तोंडाशी विरेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग मार्वेच्या बोटीची वाट बघत धक्क्यावर बसली.