देवापुढचा सुवास

"देवापुढचा सुवास कधी चुकू देऊ नगंस, बायडे," अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंनी हात धरून सांगितलं होतं, आणि सोळा वर्षांत बायडाबाईंनी एक सकाळ चुकवली नव्हती. आंघोळ झाली की निखाऱ्यावर ऊद-धूप टाकायचा, खोली धुरानं भरली की हात जोडायचे, मगच पाण्याला तोंड लावायचं.

पण संक्रांतीनंतर खोकल्यानं त्यांना धरलं, तो सोडीना. थोरल्या बहिणीला क्षयानंच नेलं होतं... चैत्रात सून पुष्पावतीला मुलगी झाली, आणि त्याच दिवशी बायडाबाई आपले देव टोपलीत घेऊन गोठ्यामागच्या कडब्याच्या खोलीत राहायला गेल्या. कारण कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सोनईत त्यांच्या घरी पाणी प्यायला तरी कोण आलं असतं? खोकला शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून दाराला दुहेरी गोणपाट लावलं. नात अंगणात रडली की त्या फटीला डोळा लावत, आणि त्या इवल्या मुठी पाहून त्यांचं अंतःकरण भरून येई.

सुनेनं मात्र निराळंच मनात धरलं होतं. मूल तीन महिन्यांचं झाल्यावर ती त्याला घेऊन गोणपाटापाशी उभी राहिली.

"आत्याबाई, पोरगी झाली म्हून एवढा राग? एकदा मांडीवर तर घ्या."

"न्हाई गं पुष्पे, लांब हो... पाया पडते तुझ्या," आणि पुढचे शब्द खोकल्यानं गिळले.

पुष्पावतीनं गोणपाट वर केलं. धुराचा लोट तोंडावर आला. वेगळं ताट, वेगळा तांब्या, थुंकायला राख भरलेली वाटी... तिला सगळं उमगलं.

"माझ्या लेकरापायी तुमी इथं..." मग डोळे पुसून म्हणाली, "उद्या नगरला दवाखान्यात जायचं. न्हाई म्हनाल तर हिला इथंच ठिवून जाईन."

लढाईच्या दिवसांतल्या, कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून मुलगा सहादेव त्यांना घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढला, तीन सकाळची थुंकी तपासायला घेतली. आठ दिवस धर्मशाळेत काढावे लागले. तिथं निखारा पेटवायची मनाई. देवाची क्षमा मागत बायडाबाई खिडकीत चाफ्याचं फूल ठेवत. पाचव्या दिवशी सहादेवच म्हणाला, "आये, तू आज खोकलीच न्हाईस की."

"क्षय नाही बाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी पडसं झालं असेल, मग धुरानं ते बरंच होऊ दिलं नाही. खोकला दोन-तीन आठवड्यांवर गेला की लपवायचा नाही, दाखवायचा. तुम्ही तर तो गोणपाट लावून धुरात कोंडून ठेवलात! आता धूप बंद, आणि चुलीशी बसाल तेव्हा दार उघडं."

सुटकेचा आनंद हृदयात मावत नव्हता, आणि तरी परतीच्या वाटेवर एक गोष्ट मनाला टोचत होती. सासूबाईंना दिलेला शब्द...

घरी पुष्पावतीनं सगळं ऐकून घेतलं. "मोठ्या आत्याबाई नेमकं काय म्हनल्या हुत्या? शब्दाला शब्द सांगा."

"देवापुढचा सुवास चुकू देऊ नगंस."

"मग धूप कुठं म्हनल्या त्या?"

बायडाबाईंनी ओठ हलवून ते वाक्य पुन्हा म्हटलं... आणि सोळा वर्षांचं सोवळं गांभीर्य विसरून पदर तोंडाला लावून हसू लागल्या. खळखळून हसल्या, तरी ढास लागली नाही.

"आन मी येडी, बिचाऱ्या देवालाबी सोळा वर्सं धुरात बसवलं की गं."

"आता त्येलाबी नगरला दाखवून आनावं लागंल," पुष्पावती म्हणाली, आणि हसता हसताच तिनं लेक त्यांच्या मांडीवर ठेवली. त्या कोवळ्या स्पर्शानं बायडाबाईंच्या डोळ्यांतून घळघळ धारा लागल्या. नातीनं मूठ उघडली, त्यांची नथ पकडली, आणि काही केल्या सोडीना.

दुसऱ्या दिवशी उजाडताना घर अजून निजलेलं होतं. बायडाबाईंनी आंघोळ उरकली, जागी झालेली नात खांद्याशी धरली, दुसऱ्या हातात देवाच्या फुलांची परडी घेतली, आणि कडी न वाजवता विहिरीवरच्या जाईकडे निघाल्या.