ग्राउश्टाइनवरचे लाल ठिपके

"खाली बघू नकोस, बुर्गी. माझ्या बुटांकडे बघ."

"तुझ्या बुटांना शेण लागलंय."

"मग शेणाकडे बघ. पण दोर सोडू नकोस."

ग्राउश्टाइनच्या शेवटच्या कड्यावर तिघं पोलादी दोराला धरून चढत होती. पुढे आफ्रा, मधे दहा वर्षांची बुर्गी आणि मागे बुर्गीचा भाऊ विन्सेंझ. ही भावंडं दर उन्हाळ्याच्या सुट्टीत आउग्सबुर्गहून खालच्या गावात मावशीकडे येत. आफ्रा इथलीच होती. डोंगराच्या कुशीतलं छोटं उपाहारगृह तिच्या बाबांचं, आलोइसचं होतं. मोठ्यांशिवाय शिखरावर जायची परवानगी तिघांना यंदा पहिल्यांदाच मिळाली होती, आणि तीही आफ्राच्या जिवावर.

"ह्या डोंगराचा दगडन् दगड माझ्या बाबांना माहीत आहे," ती सकाळपासून सांगत होती. "आणि मला त्यांच्याइतकाच."

"हो, सातव्यांदा ऐकतोय," मागून विन्सेंझ म्हणाला.

अखेर कडा संपला आणि समोर शिखरावरचा लाकडी क्रूस दिसला. बुर्गी त्याला मिठी मारूनच बसली. दोन दिवस पाऊस झाल्यामुळे दऱ्यांतून ढग वर येत होते, पण माथ्यावर ऊन होतं. तिघांनी पाव आणि चीज संपवलं. उठता उठता विन्सेंझचं लक्ष एका खडकाकडे गेलं.

"आफ्रा, हा रस्ता तू सांगितला नाहीस."

खडकावर तळहाताएवढा लाल ठिपका होता. पुढच्या दगडावर दुसरा, त्याच्या खाली तिसरा. वाटेच्या नेहमीच्या खुणा ऊनपावसाने विटून गेल्या होत्या. हे ठिपके मात्र झगझगीत होते आणि ते दोराच्या वाटेने न जाता दक्षिणेच्या गवताळ घळीत उतरत होते.

"इथून वाट नाहीच आहे," आफ्रा म्हणाली. "खाली सगळं निसरडं गवत आणि सुटे दगड आहेत."

बुर्गीने ठिपक्यावर बोट दाबलं. बोट लाल झालं. "अजून ओला आहे. पावसाच्या आधी लावला असेल कुणीतरी, वाळलाच नाही."

आफ्राने त्या बोटाकडे पाहिलं. हा लाल रंग तिच्या ओळखीचा होता. याच आठवड्यात बाबांनी घराच्या सज्जाचा कठडा रंगवला होता, आणि उरलेल्या रंगाचा डबा शिडीखालून नाहीसा झाला होता. ती घळ सरळ खाली त्यांच्याच अंगणात उतरत होती. पलीकडच्या बाजूला नवं रोपवेचं स्थानक झाल्यापासून सगळी माणसं तिकडे उतरायची आणि बाबा रिकाम्या टेबलांवरून नुसतं फडकं फिरवत बसायचे.

"कुणी लावला असेल गं?" विन्सेंझने विचारलं.

"मला काय माहीत," आफ्रा म्हणाली, आणि तिचे कान तापले.

तेवढ्यात घळीतून कुणीतरी हाक मारली. हाक बारीक होती, पण पुन्हा आली. आफ्रा पोटावर झोपून कडेपर्यंत सरकली. बरंच खाली, गवताच्या एका चिंचोळ्या पट्टीवर, दोन म्हातारी माणसं बसली होती. आजोबांचा एक पाय वेडावाकडा पुढे आला होता. आजी दोन्ही हातांनी गवत धरून होत्या. त्यांच्या पायांखाली घळ एकदम तुटली होती.

"आम्ही ठिपके बघत उतरलो," आजी ओरडून सांगत होत्या. "ह्यांचा पाय घसरला आणि वाट सोडून इथे घरंगळलो. आता वरही येता येत नाही."

विन्सेंझने पाठपिशवी खाली टाकली. "मी जातो."

"अजिबात नाही," आफ्राने त्याची बाही धरली. "तू गेलास की तिघं अडकतील. क्रूसापाशी फोनला रेंज येते, बचाव पथकाला फोन कर. बुर्गी, तुझं लाल जाकीट काठीला बांध आणि त्यांना लांबून दिसेल असं धर."

मग ती तिथेच पडून आजीशी बोलत राहिली. हलू नका, टाचा रोवून ठेवा, माणसं निघाली आहेत. आजीचं नाव मेख्टिल्ड होतं आणि नातवंडांना दाखवायला त्यांना शिखरावरचा फोटो हवा होता. त्या मधेच म्हणाल्या, "पोरी, तू इथलीच का गं? केवढा आधार वाटतोय तुझा."

उठून पळून जावं असं आफ्राला वाटलं.

पथक दोर घेऊन आलं. त्यांच्या प्रमुख त्साँगर्लबाई उंच आणि कमी बोलणाऱ्या होत्या. दोघांना वर ओढून घेतलं, हेलिकॉप्टर त्यांना दवाखान्यात घेऊन गेलं, आणि मग बाई त्या ठिपक्यांपाशी उकिडव्या बसल्या.

"हे कुणी केलं, मुलांनो? काही कल्पना?"

विन्सेंझने खांदे उडवले. आफ्राने बुटांकडे बघत मान हलवली. त्या नकाराची तिला इतकी लाज वाटली, की दोराच्या वाटेने उतरताना एकदाही तिने मागे पाहिलं नाही.

संध्याकाळी मुलं आणि पथक सगळे आफ्राच्याच घरी, उपाहारगृहात टेकले. बाबांनी पातेलंभर काइजरश्मार्न, म्हणजे अंड्याच्या जाड धिरड्याचे गोड तुकडे केले, वर भरपूर पिठीसाखर पेरली, आणि मुलांच्या ताटल्यांत स्वतः वाढले.

"ही तीन पोरं नसती, तर आज मला दोन प्रेतं उचलावी लागली असती," त्साँगर्लबाई म्हणाल्या. शेजारच्या टेबलावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

"ते ठिपके म्हणजे कुणा मूर्खाचं काम असेल," बाबा म्हणाले आणि लगबगीने आत निघून गेले.

आफ्राने ताटली तशीच बाजूला सरकवली. ती उठून सज्जात गेली. मागोमाग बुर्गी आली. कठड्यावर हात ठेवता ठेवता ती थांबली, आपल्या बोटाकडे पाहिलं, मग कठड्याकडे.

"तुझ्या बाबांनीच ना?"

विन्सेंझ तिच्या मागे उभा होता. "मी आल्या आल्याच पाहिलं. पण बोललो नाही."

"का?"

"तुझे बाबा आहेत म्हणून. सांगायचं की नाही, ते तू ठरव."

"मला नाही सांगता येणार," आफ्रा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "सकाळपासून त्यांचीच बढाई मारत होते मी." तिने कठड्यावरच्या रंगावर अंगठा घासला. "पण त्यांना विचारता येईल."

ती आत गेली. बाबा बाईंच्या पेल्यात बिअर ओतत होते.

"बाबा, उद्या आम्हाला पुन्हा वर जायचंय. उतरताना लाल ठिपक्यांनी येऊ का? लवकर घरी पोचू."

"डोकं फिरलंय का तुझं?" बाबा म्हणाले. "ती काय मुलांची वाट आहे? पाय घसरला तर थेट दरीत जाशील."

"मग ती कुणाची वाट आहे?"

पेल्यातून फेस ओघळून टेबलावर आला. आफ्राला वाटलं, आपण बोललोच नसतो तर बरं झालं असतं. सगळ्यांदेखत त्यांना असं गाठायला नको होतं.

"मी तिथून लहानपणापासून उतरतोय," बाबा हळूच म्हणाले. "कोरड्या दिवसांत. एकटा." त्यांनी बाटली खाली ठेवली. "रंग मी लावला, त्साँगर्लबाई. माणसं इकडे उतरावीत म्हणून. पावसाचा विचारच केला नाही."

त्साँगर्लबाईंनी पेला बाजूला सारला. मग बाई म्हणाल्या, "पहाटे तारेचा ब्रश घेऊन वर जा. नंतर दवाखान्यात त्या दोघांना भेटा. आणि हे तुम्हाला मला लिहून द्यावं लागेल, आलोइस." जाताना त्या आफ्रापाशी थांबल्या. "वर कड्यावर आणि आत्ता, दोन्ही वेळा तुझं डोकं शाबूत होतं."

आफ्राने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना बापलेक कंबरेला दोर बांधून घळीच्या तोंडाशी ठिपके घासत होते. क्रूसाला गुंडाळलेला दोर विन्सेंझ आणि बुर्गी वरून धरून होते. सूर्य वर आला तशी शिखरावर माणसं जमू लागली. त्यांतला एक जण वाकून म्हणाला, "छान काम करताय. पण हा नालायकपणा केला कुणी?"

आफ्राचा हात थांबला. तिने बाबांकडे पाहिलं नाही, दगडाकडेच पाहत राहिली.

"मी," बाबा म्हणाले. त्यांनी वर पाहून आपलं नाव सांगितलं, उपाहारगृहाचंही सांगितलं. मग ते पुन्हा घासायला लागले, आणि आफ्रा त्यांच्या शेजारी सरकून दुसऱ्या बाजूने घासू लागली.