नव्या उंदरांची सवय

मे महिन्यातली दुपार. प्रयोगशाळेत कूलर घरघरत होता आणि नंदिनी नव्या यंत्राचे स्क्रू आवळत बसली होती. दिवा लागला की उंदराने कळ दाबायची, दाबली की दाणा पडायचा. माणसाच्या हाताचं कामच नाही. तिचा सहकारी स्वानंद असता तर त्याने नाक मुरडलं असतं. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, पिंजऱ्यावर अंगठीने दोनदा टकटक, मग स्वतःच्या बोटांनी दाणा, ही त्याची पद्धत. नंदिनीलाही तो टेबलावर तसंच वाजवून चहाला बोलवायचा आणि हातातलं काम टाकून ती उठायची. हिवाळ्यात हिंगण्याच्या रस्त्यावर त्याची मोटरसायकल घसरली आणि सगळं संपलं. त्याचे उंदीरही दुसरीकडे गेले. हे सहा गेल्या आठवड्यात आलेले.

उद्या सर यंत्र बघायला येणार होते. ते चाललं नाही तर तिचा प्रकल्प बंद, असं त्यांनी तोंडावरच सांगितलं होतं. आणि हे उंदीर कळेकडे ढुंकून पाहत नव्हते. उपाशी ठेवूनही त्यांची वजनं वाढत होती. कुणीतरी चोरून खाऊ घालत होतं, नक्की.

तिने झाडलोट करणाऱ्या रंभाबाईंना विचारलं. त्या दाराबाहेरच थांबल्या.

"मी काहून टाकीन वं माय? चाबी त तुह्याचपाशी राहते."

खरंच होतं ते. त्या गेल्यावर नंदिनीने दाराला आतून कडी लावली आणि ती परत टेबलाशी बसली.

थोड्या वेळाने वीज गेली. कूलर थांबला. वाळ्याचा ओला वास तेवढा उरला, आणि त्यात हळूहळू मिसळत गेलेला... खर्ऱ्याचा.

टक... टक.

सहाही उंदीर धावत गजांशी आले, मागच्या पायांवर उभे राहिले आणि रिकाम्या हवेकडे तोंडं वर करून खाऊ लागले. यंत्रातली दाण्याची डबी बंदच होती.

नंदिनी खुर्चीतच मागे सरकली. या उंदरांना स्वानंदने कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

"स्वानंद..." ती कशीबशी म्हणाली, "उद्यापुरतं... उपाशी राहू दे ना त्यांना."

कुरतडण्याचा आवाज थांबला. तिला रडू आलं. भीतीने, आणि त्याची आठवण येऊनही.

टक... टक.

या वेळी तिच्या टेबलावर.

नको, नको, असं ती मनात म्हणत होती, पण पाय केव्हाच उठले होते. दाराशी पोहोचल्यावर तिला दिसलं, आतून लावलेली कडी निघालेली होती.