आवाज कोणी वाढवला?

"बंद पडला! परत बंद पडला!" चिमणी मागच्या सीटवरून ओरडली.

ऐन रंगात आलेलं गाणं मध्येच गप्प झालं होतं. मामाने गाडी बाजूला घेतली. ताई, तिची धाकटी बहीण चिमणी आणि शेजारचा चष्मिष एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले.

कारण आज भोंगा गाडीत नव्हताच!

भोंगा म्हणजे ताई-चिमणीचा मावसभाऊ. गाणं लागलं की याचा हात आवाजाच्या बटणाकडे, म्हणून हे नाव. मामाने हौसेने गाडीत मागे आणखी दोन स्पीकर बसवले आणि पहिल्याच फेरीत गाणं बंद पडलं. "या कार्ट्याने आवाज वाढवून ॲम्प्लिफायरची वाट लावली!" मामाने सगळ्यांसमोर त्याला झापलं. "मी हातसुद्धा लावला नाही," भोंगा म्हणाला. पण ऐकतंय कोण! चष्मिष फिदीफिदी हसला, चिमणीने "खोटारडा!" म्हणून घेतलं. ताई तर त्याच्या शेजारीच बसली होती. ती काहीच बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी भोंगा बॅग भरून घरी निघून गेला. सुट्टी अजून निम्मीही सरली नव्हती.

"त्यानेच आधी बिघडवून ठेवलाय!" आताही मामाचं तेच.

घरी आल्यावर मामा आडवा झाला आणि तिघं गाडीत शिरली. ॲम्प्लिफायर पुढच्या सीटखाली होता.

"आई गं! तव्यासारखा तापलाय!" चष्मिषने बोट तोंडात घातलं.

ताईने झाकणावरची बारीक अक्षरं वाचली. "एका बाजूला चार ओहमपेक्षा कमी अडथळा नको, असं लिहिलंय."

"स्पीकरवर चारच लिहिलंय की!" चिमणी म्हणाली.

"हो, पण मामाने दारातला आणि मागचा, दोन्हींच्या वायरी एकाच जागी खुपसल्यात. विजेला दोन वाटा मिळाल्या की अडथळा निम्मा. शाळेत शिकलोय आम्ही! चारचे झाले दोन. बिचाऱ्याला झेपत नाही. तो तापतो, आणि जळू नये म्हणून स्वतःच बंद होतो."

"मग आवाज कितीही असला तरी..." चष्मिषचं हसू मावळलं.

तिघांनी गुपचूप मागच्या स्पीकरच्या वायरी काढल्या. संध्याकाळी मामाला फेरी मारायला लावली. गाणी एकामागून एक वाजत राहिली.

"बघा! सकाळी गाडी थांबवली तेव्हा मी वायरी जरा दाबल्या होत्या. माझा हात लागला की बिघाड पळतो!" मामाची कॉलर ताठ.

"मामा," चिमणीने सुट्या वायरी त्याच्या नाकासमोर धरल्या, "मागचे स्पीकर बंद आहेत!"

मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला. ताईने सगळं समजावलं. मग मामाने प्रत्येक बाजूचे दोन स्पीकर एकापुढे एक जोडले. आता चार आणि चार, आठ ओहम. आवाज थोडा कमी झाला, पण परत बंद पडला नाही.

"शाब्बास! मोठ्यांचे कान उपटलेत!" मामी म्हणाली. मामाने ताईची पाठ थोपटली. "हुशार आहेस गं पोरी!" ताईला ती थाप नकोशी वाटली.

मामाने फोन लावला. "चुकलो रे बाबा. ये परत!"

"आईने मला पोहण्याच्या वर्गात घातलंय," भोंगा पलीकडून म्हणाला. "आता नाही येता येणार."

फोन ताईच्या हातात आला. तिला बरंच बोलायचं होतं, पण भोंग्यानेच विचारलं, "ताई, त्या दिवशी जेवणाचा डबा मी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. तू बघितलं होतंस ना?"

"हो," ताई म्हणाली. "बघितलं होतं."

भोंग्याने फोन ठेवला. अंगणात मामाच्या गाडीत गाणं छान वाजत होतं. ताई बाहेर गेली आणि तिने ते बंद केलं.