काकणाची टकटक

श्रावणी सोमवारी संध्याकाळी आमच्या मठात बंडप्पाआण्णांचं भजन असायचं. त्यांची बायको पार्वतम्मा शेजारी बसे. आण्णा रंगात आले की लय पळवायचे. मग ती हातातल्या काचेच्या काकणानं त्यांच्या एकतारीच्या भोपळ्यावर एकदा टक् करी. दोनदा टकटक म्हणजे पुरे, घरी चला. आम्ही पोरं त्या दुसऱ्या टकटकीचीच वाट बघायचो, कारण मग प्रसाद वाटत. अजूनही कुठं काकण वाजलं की माझ्या जिभेवर गूळखोबरं येतं.

पार्वतम्मा गेली ती हातभर हिरव्या काकणांनिशी. आमच्या लिंगायत रीतीनं मळ्यात चिंचेखाली तिला पुरलं आणि आण्णांनी एकतारी खुंटीला टांगली. जेवण सुटलं, बोलणं सुटलं. शेवटी त्यांची सून राजेश्वरी मुरुमला माझ्या साउंडच्या दुकानात आली.

"भावजी, मामांना एकदा गायला बसवा. न्हायतर ते आपल्या हाती लागायचे न्हायत."

एकतारीचा आवाज नाजूक. माइक लावला तर मठातला पंखाच जास्त ऐकू येतो. म्हणून मी भोपळ्याला पिकअप चिकटवला. तो हवेतलं काही ऐकत नाही, भोपळ्याला जे लागेल तेवढंच धरतो. पण साधा, बिनबॅटरीचा पिकअप. स्पीकरपर्यंत पोचेतो त्याचा आवाज पार मरगळतो. मध्ये प्रीअँपची डबी जोडली, बटण फिरवलं, आणि तार अशी भरून बोलली की माझेच डोळे पाणावले.

आण्णा गायले. आवाज चिरकला होता, पण गायले. राजेश्वरी खांबाला टेकून पदरानं डोळे टिपत होती. दुसऱ्या भजनाला आण्णांनी लय पळवली.

टक्.

आवाज स्पीकरमधून आला. मी वायर हलवून पाहिली. जॅक घट्ट होता, डबीतली बॅटरी नवी होती. आण्णांचं बोट तारेवर होतं आणि भोपळ्याजवळ दुसरं कुणीच नव्हतं. लय मात्र जागेवर आली. आण्णा हसले, पार्वतम्मा गेल्यापासून पहिल्यांदाच. मला त्या हसण्याचं इतकं बरं वाटलं की मी फार खोलात शिरलो नाही. उलट बटण जरा वाढवलं.

भजन संपलं. आण्णांनी एकतारी घोंगडीवर आडवी ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

टक्. टक्.

"व्हय, आलो," आण्णा म्हणाले.

मी प्रीअँपची वायर उपटली. स्पीकर गप्प झाला.

टकटक पुन्हा झाली. अगदी बारीक, घोंगडीवरच्या भोपळ्यातून.

"आलो म्हनलं की," आण्णा लाडानं म्हणाले. चपला घालून ते पायऱ्या उतरले. राजेश्वरीचा चेहरा फुलला. मामांना भूक लागली, घरी निघाले, असं म्हणत ती ताट वाढायला मागच्या दारानं पळाली.

घर मठाच्या डावीकडं. आण्णा उजवीकडं वळले आणि मळ्याच्या वाटेला लागले, एका कडेनं, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.