बिनकुटाचा डबा

कापूरहोळच्या फाट्यावर भोरच्या एसटीची वाट बघत बसायचं म्हणजे चार लोकांची भांडणं फुकटात ऐकायची. त्या दिवशी गुलनाज तांबोळी ढाब्याच्या पडवीत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि शेजारच्या टेबलावर एक उंच, सावळा तरुण वेटरची उलटतपासणी घेत होता.

"यात शेंगदाण्याचं कूट आहे?"

"न्हाई."

"नक्की?"

"न्हाई म्हणलं ना सायेब! जेवा की बिनघोर."

तरुणानं घास मोडला. आणि गुलनाजला गप्प बसवेना.

"आहे की! रस्सा एवढा दाट काय आपोआप झाला? कूट डोळ्यांना दिसतंय."

वेटर तिच्याकडं खाऊ का गिळू बघत आत गेला. तरुणानं घास हळूच ताटात ठेवला.

"तुमाला कसं कळलं?"

"मी भोरात जेवणाचे डबे करते. आणि खोटं बोलणारं माणूस मला लांबून ओळखू येतं."

"बापरे. मग जरा सरकून बसतो."

"का? तुमी पण खोटं बोलता?"

"एखादं. आत्ता विचारलंत, घाई आहे का, तर न्हाई म्हणेन. खरं तर आज नव्या हापिसात हजर व्हायचंय…"

आता यावर हसू नये तर काय करावं? पण गुलनाज हसली नाही. ओठाशी आलेलं हसू तिनं परत गिळलं.

नाव फुरकान आतार. मूळचा वेल्ह्याचा, मोजणी खात्यात भूकरमापक, बदली भोरला. आणि शेंगदाण्याशी सात जन्मांचं वैर! चिमूटभर पोटात गेलं तरी घसा सुजायचा, श्वास कोंडायचा. जिथं भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, चटणी म्हणजे तर कूटच, तिथं बिचाऱ्यानं खायचं काय? एसटी भोरच्या पुलावर येईपर्यंत ठरलं, की याचा डबा गुलनाज करणार.

तिनं केलाही मन लावून. कुटाच्या जागी भाजलेलं खोबरं घातलं, कारळ्याची चटणी केली, तेल बदललं. बाकीच्या आठ डब्यांच्या आधी, घासलेल्या वेगळ्या कढईत त्याची भाजी व्हायची. रोज साडेआठला तो मोजणीला जाता जाता दारात थांबायचा, भरलेला डबा न्यायचा, कालचा धुतलेला परत द्यायचा.

रिकामा डबा कुणाला परत देऊ नये, अशी आपल्याकडची रीत. साखर, एखादं लिंबू, काही नाही तर चार तांदळाचे दाणे तरी टाकावेत. तिसऱ्या दिवशी गुलनाजनं झाकण उघडलं, तर आत क्रोशाचं एक इवलंसं फूल! पांढऱ्या सुताचं, आठ पाकळ्यांचं, टाका न् टाका रेखीव.

तिनं झाकण खटकन परत लावलं.

फूल बघून कुणी झाकण लावतं का? लावतं. दोन वर्षांपूर्वी गुलनाजची मंगनी झाली होती. मुलगा पुण्याचा, गोड बोलणारा, अंगात नेहमी एक हातानं विणलेला निळा स्वेटर. "बहिणीनं विणलाय," म्हणायचा. निकाहाला आठ दिवस राहिले तेव्हा कळलं, की त्याला बहीणच नव्हती. स्वेटर विणणारी होती त्याची बायको! तेव्हापासून गुलनाजला कुणाच्या हातचं विणकाम दिसलं की आधी ते कुणाच्या हातचं, हा प्रश्न पडायचा. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं.

दुसऱ्या दिवशी तिनं डबा द्यायच्या आधीच विचारलं.

"फूल छान होतं. कुणी विणलं?"

फुरकानची नजर उंबऱ्याकडं गेली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"ते… घरचंच आहे."

"घरी कोण कोण असतं?"

"हितं? हितं कोण न्हाई. भाड्याची खोली… उशीर होतोय, येतो मी."

आणि गेला की पाय उचलून! गुलनाज दारातच उभी राहिली. घरी कोणी नाही आणि फूल घरचंच? वा रे वा.

मग रोज काही ना काही यायला लागलं. तांब्यावर झाकायचा जाळीचा रुमाल, कडेला मणी लावलेला. मोबाईलची पिशवी. ओढणीला लावायची बोटाएवढी हिरवी पानं. गुलनाज सगळं कपाटाच्या तळाशी टाकायची आणि रात्री— नाही, खोटं कशाला, दुपारीच काढून बघायची. एवढी नाजूक जाळी बाईच्याच हातची. तीही प्रेमात पडलेल्या बाईच्या. त्याच्या डोक्यावरची शुक्रवारची जाळीदार टोपी बघूनही तिला वाटायचं, ही पण तिनंच विणली असणार. ती म्हणजे कोण? अल्लाला ठाऊक!

आणखी एक गोष्ट तिच्या डोक्यात सलत होती. हा माणूस तिच्यासमोर कधी खायचा नाही. गुलजारबीनं, म्हणजे तिच्या अम्मीनं, एकदा रव्याचा लाडू पुढं केला. त्यानं अदबीनं घेतला आणि खिशात घातला.

"खा की हितंच, बाळा."

"नंतर खातो, अम्मी. निवांत."

"निवांत कुणाबरोबर?" गुलनाजनं विचारलं.

त्यानं लाडवाचा खिसा थोपटला. मग म्हणाला, "लाडूबरोबर."

मेला बोलायला मोठा गोड होता. तोही तसाच गोड बोलायचा, निळ्या स्वेटरवाला. पण हा दारातून गेला की तिचा सगळा दिवस उद्याच्या साडेआठकडं डोळे लावून बसायचा, त्याला काय करणार? तिला फुरकान आवडायला लागला होता. पुन्हा एकदा फसायची तिच्यात ताकद नव्हती आणि त्याला येऊ नको म्हणायचीही नव्हती. दोन महिने असे गेले.

गुलजारबीला मात्र पोराचं लई कौतुक. जावई म्हणून तिनं मनात त्याला कधीच पसंत केलं होतं. खटकत होती ती एकच गोष्ट.

"बिनकुटाची भाजी म्हंजी काय भाजी हाय का गं? पोरगं गप गिळतंय बिचारं. आमच्या टायमाला कुणाला असली थेरं न्हवती."

"अम्मी, थेरं न्हाईत ती. त्याचा जीव जाईल."

"चिमूटभरानं कुणाचा जीव जातोय?"

भातकापणी उरकली होती, हवेत गारवा आला होता, त्या दिवसांतली गोष्ट. फुरकान डबा घेऊन हिर्डोशीला मोजणीला गेला होता. साडेअकराला बाकीचे डबे भरता भरता गुलजारबी खुशीत म्हणाली, "आज बग तुजा सायेब बोटं चाटत बसंल. वांग्याला जरा चव आणली म्या."

गुलनाजच्या हातातला डाव खाली पडला.

"काय घातलंस?"

"काय न्हाई गं, भाकरी बांधताना दोन चिमटी कूट…"

फोन लावला. लागेना. हिर्डोशीच्या डोंगरात रेंज कुठली? पुन्हा लावला, पुन्हा तेच. गुलनाजनं ओढणी कमरेला खोचली आणि स्कुटी काढली. देवघर धरणाच्या कडेकडेनं तो वळणावळणाचा रस्ता तिनं कसा कापला, तिचं तिला माहीत. तो साडेबाराच्या आधी जेवत नाही, साडेबाराच्या आधी जेवत नाही, असं ती स्वतःलाच बजावत होती. त्याला बायको असो, दोन बायका असोत, चार असोत… पण तो असू दे. एवढंच मागणं होतं तिचं.

वावराच्या बांधावर शेतमालक रखमाजी आणि मोजणीची चार माणसं भाकरी सोडून बसली होती.

"साहेब कुठं?"

"त्यो बगा, आंब्याखाली," रखमाजी म्हणाला. "येकटाच बसतोय जेवायला. जेवायच्या आदी कसलीशी सुई चालवतोय, तीन दिस झालं बगतोय. आमाला वाटलं मंतर-बिंतर घालतोय, म्हणून आमी बी लांबच ऱ्हातो."

गुलनाज पळाली. आंब्याखाली डबा उघडा होता. फुरकान खोडाला टेकून बसला होता. खालचा ओठ टम्म सुजलेला.

"खाऊ नका!"

"न्हाई खाल्लं." सुजल्या ओठानं त्याचे शब्द जड येत होते. "ओठाला लावलं फक्त. खाज सुटली, तसं तोंड धुऊन गोळी घेतली. श्वास ठीक आहे. इंजेक्शनपण आहे पिशवीत, घाबरू नका."

घाबरू नका? तिनं तो उघडा डबा लांब सारला आणि ती रडायला लागली. रखमाजी आणि बाकीची माणसं धावत आली होती, सगळी ऐकत होती, तरी ती बोलत राहिली.

"आमच्याच घरात पडलं हो कूट. अम्मीनं घातलं, तिला कळलं न्हाई. पण डबा माझा आहे, चूक माझी आहे. साऱ्या भोरात सांगा हवं तर, गुलनाजच्या डब्यानं असं झालं म्हणून…"

आणि तेव्हा तिला त्याच्या हातातली वस्तू दिसली. क्रोशाची सुई. सुईला अडकलेलं अर्धं पांढरं फूल.

"हे… तुमी?"

आता सुजलेल्या ओठाच्या जोडीला कानही लाल झाले.

"अब्बा जाळीच्या टोप्या विणायचे. त्यांनी शिकवलं. पण हापिसात कळलं तर पोरं हसतील, म्हणून…"

"आणि जेवायच्या आधी?"

"मावशीच्या, म्हणजे खालाच्या घरी एकदा असंच कूट पोटात गेलं. तीन दिवस दवाखान्यात होतो. तिथं उशाशी उभी राहूनसुद्धा खाला म्हणाली, म्या न्हाई घातलं. तेव्हापासून कुणाच्याबी हातचं आधी ओठाला लावतो आणि दहा मिनिटं थांबतो. हात रिकामे राहिले की भीती वाटती. मग विणतो."

गुलनाजनं डोळे पुसले. कपाटाच्या तळाशी पडलेली फुलं, पानं, रुमाल, सगळी तिच्या डोळ्यांसमोर आली. ती सगळी याची दहा-दहा मिनिटं होती! आणि मग तिला राग आला. यायलाच हवा होता.

"म्हणजे दोन महिने माझ्या हातच्या प्रत्येक घासावर तुमचा संशय?"

"आणि तुमचा माझ्या प्रत्येक फुलावर. कळत नव्हतं मला? घरी कोण असतं, निवांत कुणाबरोबर…"

रखमाजी खाकरला. "आता आमी जावं का थांबावं?"

"जा!" दोघं एकदमच म्हणाले.

त्याला स्कुटीवर मागं बसवून तिनं भोरला डॉक्टरांकडं आणलं. धरणाच्या वळणावर मागून त्याचा जड आवाज आला, "खाला दवाखान्यातपण खोटं बोलली. तुमी खरं सांगायला एवढ्या लांब आलात…" वारा फार होता आणि गुलनाजच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते वाऱ्यानंच असं तिनं ठरवून टाकलं.

तिला वाटलं, हा काही आता परत येत नाही. दुसऱ्या दिवशी साडेआठला कडी वाजली.

"डबा?" फुरकान म्हणाला. ओठ अजून किंचित सुजलेला होता.

गुलजारबी आतल्या खोलीतून बाहेर येईना. मग तोच आत गेला, तिच्याजवळ खाली बसला आणि म्हणाला, "अम्मी, तुमी चव यावी म्हणून घातलंत. पण मला चवीपेक्षा जीव बरा." त्या माउलीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि दुपारी घरातलं सगळं कूट, शेंगदाणे, कुटाचं भांडंसुद्धा उचलून शेजारच्या ठकुबाईला देऊन टाकलं. बाकीच्या आठ डब्यांनाही आता खोबरंच.

पुढं पंधरा दिवस डब्यातून पुरी फुलं येत राहिली. तो अजून थांबतोय, दहा मिनिटं. गुलनाज फूल हातात घेऊन मनाशी म्हणायची, थांब बाबा, हवं तेवढं थांब. विश्वास काय बाजारात मिळतो? कपाटाच्या तळातलं सगळं मात्र तिनं वर आणलं. हिरवी पानं ओढणीला लावली. त्यानं ती पाहिली आणि नकाशाची गुंडाळी तिच्या दारातच विसरून गेला.

सोळाव्या दिवशी तिनं डबा त्याच्यासमोरच उघडला, तर आत अर्धंच फूल. चार पाकळ्या, लोंबता दोरा आणि सुई तशीच अडकलेली.

जुनी सवय जाते का? तिनं सरळ विचारलं.

"हे अर्धवट का? काय झालं? परत काही पडलं का डब्यात?"

"न्हाई."

"मग?"

फुरकान उंबऱ्याकडं बघत होता. मग त्यानं मान वर केली.

"परवा एक पुरं करून हे दुसरं विणायला घेतलं होतं, अर्धं झालं. काल डबा उघडला आणि… भूक लागली होती. सुई हातात घ्यायचं ध्यानातच राहिलं न्हाई. सगळं जेवल्यावर आठवलं, की आपण थांबलोच न्हाई."

गुलनाजनं ते अर्धं फूल तळहातावर घेतलं.

"आता ते पुरं व्हायचं न्हाई, गुलनाज," तो हळूच म्हणाला. "दहा मिनिटंच उरली न्हाईत माझ्याकडं. तुमच्या घरी माझं माणूस पाठवू का… विचारायला?"

"माणूस कशाला?" तिचा आवाज कापत होता, तरी तिनं ठसक्यात विचारलं. "तुमाला तोंड न्हाई?"

"आहे. पण तुमच्यासमोर उघडलं की खोटं निघंल अशी भीती वाटती."

"मग आत या. लाडू केलेत. माझ्यासमोर खा."

तो आत आला. तिनं बशी पुढं केली. त्यानं लाडू उचलला, ओठाला टेकवला नाही, थांबला नाही, सरळ अर्धा लाडू तोंडात घातला आणि तोंड भरलेलं असतानाच तिच्याकडं बघून हसला. गुलनाजनं सुई हातात घेतली आणि त्याच्याकडून पाचवी पाकळी कशी घालायची ते शिकायला बसली.

स्वयंपाकघरातून गुलजारबी डोकावली. तिला ते फूल दिसलं.

"काय झ्याक हाय गं! कुणी विणलं?"

गुलनाजनं मान वर केली नाही. टाके मोजत होती ना!

"घरच्याच माणसानं, अम्मी."